जिभेखाली बघण्याआधी

सकाळी ७.३०

राउंड बाळंतिणींच्या वॉर्डातून सुरू होतो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. जत, शिरोळ, कवठेमहांकाळपासून पलीकडच्या अथणी-रायबागपर्यंतची माणसं इथं येतात, त्यामुळे एका खाटेवर मराठी आणि शेजारच्या खाटेवर कन्नड ऐकू येतं. मी लहान मुलांची सर्जन. हर्निया, खाली न उतरलेली वृषणं, जन्मतःच नसलेलं गुदद्वार ही माझी नेहमीची कामं. पण अलीकडे माझ्या नावानं येणाऱ्या चिठ्ठ्यांवर ‘टंग टाय’ फार दिसू लागलाय. जिभेखालचा पडदा आखूड, जाड किंवा टोकाच्या फार जवळ जोडलेला असला की जीभ नीट उचलत नाही, पुढं येत नाही. लोक म्हणतात, जीभ चिकटलीय.

पहिल्याच खाटेशी आमच्या निवासी डॉक्टरनं बाळाचं तोंड उघडून दाखवलं. “मॅडम, टंग टाय. आजच्या लिस्टला घेऊ?”

“पितंय कसं?”

तो गप्प. उत्तर सिस्टरांनी दिलं. “चांगलं पितंय मॅडम. रात्रीतनं तीन दुपटी ओली केली.”

बाळ दोन दिवसांचं. वजन जन्मापेक्षा पाच टक्के उतरलेलं, म्हणजे या वयात अपेक्षित तेवढंच. आईला विचारलं, पाजताना दुखतं का? पहिल्या क्षणी ओढ बसते, मग नाही, म्हणाली. पडदा आहे, तो मलाही दिसतोय. पण अडतंय कुठं? कुठंच नाही.

नवजात बाळांची पाहणी केली तर शंभरात साधारण चार ते दहा बाळांमध्ये असा पडदा सापडतो. मोजायची पद्धत बदलली की आकडा बदलतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं २०२४ मध्ये यावर सविस्तर अहवाल काढला. त्यात स्पष्ट म्हटलंय, की असा पडदा असलेल्या बाळांपैकी निम्म्यांहून कमी बाळांना अंगावर पिताना खरोखर अडचण येते. दिसला म्हणून कापला, तर निम्म्याहून अधिक बाळांच्या तोंडात आपण विनाकारण कात्री घालू.

आजीची काळजी निराळी. “आत्ता पितंय हो, पण मोठं झाल्यावर बोबडं बोलंल की.”

“आजी, आज कापलं म्हणून पुढं स्पष्टच बोलेल असं कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि नाही कापलं म्हणून बोबडंच बोलेल असंही नाही. बोलायला लागल्यावर अडचण दिसली तर तेव्हा बघू. तेव्हाही करता येतं.”

कार्डावर लिहिलं : पडदा आहे, पाजण्यात अडचण नाही, पाचव्या दिवशी वजन. निवासी डॉक्टरला सांगितलं, की ‘टंग टाय’ एवढंच लिहून थांबायचं नाही. पुढं ‘त्यामुळे काय होतंय’ हे लिहिता येत नसेल, तर लिस्टमध्ये नाव घालायचं नाही.

सकाळी ८.४५

त्याच वॉर्डाच्या कोपऱ्यातली खाट. सिझेरिअनचा चौथा दिवस, बाळ रडतंय, आई रडतेय. दोन्ही स्तनाग्रांना चिरा. बाळाचं वजन अकरा टक्के उतरलेलं. नणंदेनं मोबाइलवर कुठलंसं रील बघून निदानही करून ठेवलंय. ती बाळाची हनुवटी खाली ओढून मला पडदा दाखवते.

जिभेखाली पडदा प्रत्येकाला असतो, मलाही आहे. या बाळाची जीभ रडताना वर उचलतेय, खालच्या हिरडीच्या पुढं येतेय. बोट तोंडात दिलं तर जीभ बोटाखाली नीट वेढून ओढतेय. म्हणजे जीभ मोकळी आहे. मग अडतंय कुठं?

ते पाजताना बघितल्यावर कळलं. टाक्यांच्या भीतीनं आई उताणी, बाळ छातीवर आडवं, मान वळवून फक्त टोक चोखतंय. दूध स्तनाच्या टोकात नसतं. बाळानं आजूबाजूचा काळा भागही तोंडात घ्यावा लागतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात पिणाऱ्या बाळांच्या तोंडाची सोनोग्राफी करून जो अभ्यास झाला, त्यात दिसलं की जीभ खाली जाते तेव्हा तोंडात निर्वात पोकळी तयार होते आणि दूध येतं. नुसतं टोक धरलं तर ते टाळूला घासतं, चिरतं, आणि दूध जेमतेम येतं.

आमच्या स्तनपान समुपदेशक सिस्टरांनी उशा मागवल्या. आईला कुशीवर वळवलं, बाळाचं पोट तिच्या पोटाला लावलं, नाक स्तनाग्रासमोर. “तुम्ही वाकू नका. त्याला तुमच्याकडं आणा. आ मोठा होईपर्यंत थांबा. आता! हनुवटी आधी.” तीन वेळा सुटलं. चौथ्या वेळी बाळाचा जबडा हळू, खोल हलायला लागला आणि गिळल्याचा आवाज आला. आईच्या कपाळावरची आठी गेली.

तरी अकरा टक्के म्हणजे गंमत नाही. रक्तातलं सोडिअम आणि कावीळ तपासायला पाठवली. पाजून झाल्यावर हातानं काढलेलं दूध वाटी-चमच्यानं, आणि रोज सकाळी वजन. सिझेरिअन, जास्त रक्तस्राव, मधुमेह, थायरॉइड यांतही दूध उतरायला उशीर होतो; तेही तपासायला हवं. नणंदेला सांगितलं, जीभ ठीक आहे. तिचा विश्वास बसला नाही. “मग एवढा त्रास कशानं?” या प्रश्नासाठी मी पंधरा मिनिटं तिथंच बसले.

सकाळी १०.१५

ओपीडी. शिरोळहून सोळा दिवसांचं बाळ, सोबत आई, तिची आई आणि सासू. पहिलं बाळंतपण माहेरी, पण आज सासूबाई मुद्दाम आल्यात. त्या बसता बसता म्हणतात, “हिला दूधच कमी हाय. वरचं चालू करा म्हणून कवापास्नं सांगालोय.” सून खाली बघते.

जन्माचं वजन तीन किलो. आज दोन किलो नऊशे. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्माचं वजन भरून निघायला हवं आणि पुढं रोज वीस-तीस ग्रॅम वाढायला हवं. हे बाळ तासभर पितं, झोपतं, वीस मिनिटांनी पुन्हा रडतं. पिताना टचटच आवाज येतो, म्हणजे पकड सुटून हवा शिरतेय. पिऊन झाल्यावर स्तनाग्र गोल राहत नाही, एका बाजूनं चपटं, पांढरं पडतं. गावातल्या आरोग्य केंद्रात आठवडाभर धरण्याची पद्धत दुरुस्त करून झालीय, आणि ती या मुलीला उत्तम जमते. बाळाचं तोंड उघडण्याआधीच इथं काहीतरी खरं आहे असं वाटायला लागतं.

आजीच्या आणि माझ्या गुडघ्यांवर बाळाला आडवं घेतलं, डोकं माझ्याकडं. रडताना जिभेचं टोक मध्ये खेचलं जाऊन पत्त्यातल्या बदामासारखं दिसलं. पडदा जवळजवळ टोकाशी जोडलेला, खालचं टोक थेट हिरडीच्या कडेला. जीभ हिरडीच्या पुढं येतच नाही; उचलायला गेली की फक्त कडा वर येतात. बोट चोखताना दर दोन-तीन ओढींनी सुटतंय.

ब्रिस्टलमध्ये बनवलेला एक सोपा तक्ता आम्ही वापरतो. टोकाचा आकार, हिरडीवरची जोडणी, उचल आणि पुढं येणं या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. एकूण आठ. या बाळाला दोन मिळाले. कमी गुण म्हणजे जीभ अडकलेली आहे. पण गुणांवरून कापायचं ठरत नाही. म्हणून पाजायला लावलं आणि वीस मिनिटं बघत बसले. जीभ अडकलीय, आईला वेदना आहेत, वजन मागं आहे आणि पद्धत सुधारूनही फरक नाही. चारही गोष्टी एकत्र आल्या.

मग नेहमीचे प्रश्न. जन्मल्यावर व्हिटॅमिन-केचं इंजेक्शन मिळालं का? कार्डावर नोंद आहे. घरात कुणाचं रक्त कापल्यावर थांबत नाही असं? मी मुद्दाम मामाबद्दल विचारते, कारण हिमोफिलिया आईकडून मुलाकडं येतो आणि आईच्या भावात आधी दिसलेला असू शकतो. मामा धडधाकट, लहानपणी दात पाडला तेव्हाही काही झालं नाही. बाळाचा जबडा, टाळू, श्वास ठीक.

आता मी काय वचन देऊ शकते? २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्या आणि ३०२ बाळं होती. कापल्यावर आईचं दुखणं काही काळ कमी होतं एवढं त्यातून दिसलं. बाळाचं पिणं सुधारतंच असं ठामपणे दिसलं नाही. इंग्लंडमध्ये नंतर मोठी चाचणी हाती घेतली, तर ज्या गटात कापायचं नव्हतं त्यातल्याही बहुतेक बाळांचा पडदा पुढं कापून घेतला गेला. अडचणीत असलेल्या आईला ‘थांबा’ सांगणं किती अवघड असतं ते तिथं दिसलं, आणि प्रश्न अर्धवट राहिला.

म्हणून मी सांगितलं : “दुखणं कमी होईल अशी बऱ्यापैकी आशा आहे. वजन वाढेल असं वाटतं, पण हमी देत नाही. जीभ मोकळी झाल्यावर बाळाला नव्यानं धरायला शिकावं लागेल. आठवड्यात दोनदा यावं लागेल.” मग सासूबाईंकडं वळले. “आणि हिला दूध कमी नाही. बाळाला ते ओढता येत नाही. दूध नीट ओढलं गेलं नाही तर मात्र खरंच कमी होईल.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण बाळाला त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. सुनेनं विचारलं, “आजच करता येईल?”

सकाळी ११.३०

जतजवळच्या एका गावातला अडीच वर्षांचा मुलगा, आजी आणि बाप. चिठ्ठीत लिहिलंय : बोलत नाही, टंग टाय, कृपया कापावा.

आजीनं सगळं करून बघितलंय. वेखंड उगाळून चाटवलं, जिभेला अक्कलकाढा चोळला. “त्याचा बापबी उशिराच बोलला. पर ह्याची जीब चिकटल्या, बगा की.”

“काय काय बोलतो?”

“काईच न्हाई.”

“आई? बाबा? मामा? काका?”

“न्हाई.”

हे चार शब्द मी प्रत्येकाला विचारते. ‘आई’ नुसत्या स्वरांचा. ‘बाबा’ आणि ‘मामा’ ओठांचे. ‘काका’ला जिभेचा मागचा भाग लागतो. चारही शब्दांत जिभेचं टोक उचलावं लागत नाही. जीभ पूर्ण चिकटलेली असली तरी हे शब्द यायला हवेत. मूल ‘लाडू’ म्हणताना चुकत असेल तर जिभेकडं बघावं. मूल काहीच म्हणत नसेल तर कारण जिभेत नसतं.

मुलगा खेळण्यातली गाडी जमिनीवर घासतोय. सिस्टरनी मागून स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला. वळला नाही. पुन्हा, जोरात. नाही. एवढ्यानं निदान होत नाही. गाडीत रमलेलं मूलही वळत नाही. पण कानाची तपासणी आजच ठरवायला हे पुरेसं आहे. तो नजर देतो का, बोट दाखवून मागतो का, हेही विचारून लिहिलं. बोट दाखवतो, हाताला धरून फडताळाकडं नेतो. बरं लक्षण.

बापाला सांगितलं, की आधी ओएई, मग बेरा, या दोन कानाच्या चाचण्या. बेरात मुलाला झोपवून, डोक्याला तारा लावून कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघतात. दुखत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्यात जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर निदान-उपचार केंद्र असतं, बालवाडी-अंगणवाडीतली मुलं तिथं पाठवतात. तिथली चिठ्ठी लिहून दिली.

“मग जिबंचं?” आजी.

पडदा थोडा आहे, खरं आहे. कापला तर फारसं नुकसानही नाही असं कुणालाही वाटेल. पण नुकसान वेळेचं आहे. एकदा कापलं की घरचे म्हणणार, आता बोलेल. चार महिने वाट बघतील, मग सहा. ऐकू येत नसेल तर हे महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात मोलाचे आहेत. श्रवणयंत्र असो वा कॉक्लिअर इम्प्लांट, जितकं लवकर तितकी भाषा चांगली येते. कान तपासल्याशिवाय मी जिभेला हात लावणार नाही, असं आजीला सांगितलं. तिनं चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली. “बरं. कानाचं बगू आदी.”

दुपारी १२.४५

शिरोळचं बाळ. या वयात भूल लागत नाही. दुपट्यात घट्ट गुंडाळलं, साखरेच्या पाण्याचे दोन थेंब जिभेवर, सिस्टरनी डोकं धरलं. डायरेक्टर नावाचं जुनं अवजार आहे : एका बाजूला खाच असलेली सळई, दुसऱ्या बाजूला मध्ये चिरलेलं चपटं पान. त्या चिरेत पडदा अडकवायचा आणि जीभ वर उचलायची. मग बोथट टोकाची कात्री जिभेच्या बाजूनं. खाली लाळेच्या नळ्यांची तोंडं आहेत, तिकडं जायचं नाही. पातळ, पांढरा भाग तेवढा एका दमात कापला. गॉज दाबला. थेंब-दोन थेंब रक्त.

मोजलं असतं तर दहा सेकंदही भरले नसते. बाळ लगेच आईकडं. पिणं हीच इथली मलमपट्टी. रक्त थांबतं, रडणं थांबतं. पहिली दोन मिनिटं बाळ गोंधळलं, जीभ कुठं न्यायची कळेना. मग पकडलं. टचटच अजून आहे, पण कमी. आईला विचारलं, दुखतंय?

“हाय. पर निराळं. आदी चावल्यागत व्हायचं.”

मी खूश झाले नाही. पहिलं पाजणं बघून यश जाहीर करायचं नसतं. तीन दिवसांनी वजन. सिस्टरांचा नंबर दिला.

दुपारी १.३०

डबा उघडला आणि व्हिडिओ कॉल आला. वर्गमैत्रिणीची मुलगी, न्यू जर्सीत. तिथं पहाटेचे चार. बाळ पाच आठवड्यांचं, मांडीवर झोपलेलं. तिथल्या एका डेंटिस्टनं सांगितलंय : जिभेचा मागचा पडदा, वरच्या ओठाचा पडदा आणि दोन्ही गालांच्या पट्ट्या, सगळं लेझरनं एकदम. परवाची वेळ दिलीय.

“मावशी, बाळाला गॅस होतो, झोपत नाही. ते म्हणाले टायमुळेच.”

“वजन?”

“ते छान वाढतंय. पेडियाट्रिशियन खूश आहे.”

“तुला दुखतं?”

“नाही.”

मला ओठाची काळजी आधी घालवायची होती. बाळांच्या वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारा पडदा असतोच, मूल वाढतं तसा तो मागं सरकतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं मतैक्याचं निवेदन काढलं. गालांच्या पट्ट्या कापू नयेत यावर त्यात एकमत झालं. ‘मागचा’ टंग टाय म्हणजे नेमकं काय, यावरच डॉक्टरांत वाद आहेत. न्यूझीलंडच्या सर्जन निक्की मिल्स यांनी केलेल्या शवविच्छेदनाच्या अभ्यासातून २०१९ मध्ये पुढं आलं, की हा पडदा म्हणजे दोरी नाही. तोंडाच्या तळाशी पसरलेलं अस्तर जीभ उचलली की मध्यभागी घडी पडून वर येतं, तीच घडी आपल्याला दिसते. कुणात ती जास्त दिसते, कुणात कमी. आणि जिभेच्या मज्जातंतूच्या फांद्या त्या अस्तराखाली अगदी वरवर असतात. समोर पातळ पडदा असेल तर तेवढाच कापता येतो. काही दिसत नसताना ‘मागचा’ शोधत खोल गेलं, तर आपण काय कापतोय हे कळायला हवं.

“लेझर चांगलं ना पण? कात्रीपेक्षा?”

“चांगलं असल्याचा पुरावा नाही. महाग आहे. नंतर दिवसातून पाच-सहा वेळा जखम ताणायचा व्यायाम देतील, त्याचाही पुरावा नाही. बाळ मात्र तोंडाजवळ बोट आलं की रडायला लागतं.”

“मग गॅस?”

“बाळांच्या रडण्याचा सगळ्यात वाईट काळ हाच असतो. दीड-दोन महिन्यांपर्यंत वाढतं, मग उतरतं. परवाची वेळ रद्द करू नकोस हवं तर, पुढं ढकल. तुझ्या पेडियाट्रिशियनला आणि स्तनपानाच्या सल्लागाराला पाजताना बघायला लाव. त्यांना काही अडलेलं दिसलं तर मग बोलू.”

आईला काय सांगू, तिनं विचारलं. म्हटलं, आई बाळंतपणाला आलीय ना, तिला रात्रीची एक पाळी दे आणि तू झोप.

दुपारी ३.००

आठवड्यातून एक दुपार वाचा-उपचारतज्ज्ञ बाई आणि मी एकत्र बसतो. बोलणाऱ्या मुलांचं तिथं ठरतं.

पहिला मुलगा सहा वर्षांचा. ‘रविवार’ला ‘लविवाल’ म्हणतो. तोंड उघडं ठेवून जीभ टाळूला लाव म्हटलं, लावली. वरचा ओठ चाटला, डाव्या-उजव्या दाढांवरून जीभ फिरवली. पडदा आहे, पण जीभ जिथं जायला हवी तिथं जाते. ‘र’ बहुतेक मुलांना सगळ्यात शेवटी, पाच-सहाव्या वर्षापर्यंत येतो. याला थोडा उशीर झालाय. उपचार सरावाचा. बाप म्हणतो, “कापलं तर पटकन होईल ना?” बाई शांतपणे सांगतात, “कापलं तरी ‘र’ शिकावाच लागेल. मग आधी शिकूनच बघू.”

दुसरी मुलगी आठ वर्षांची. ‘बाळ’, ‘गाणं’, ‘टोपी’ म्हणायला लावलं. मूर्धन्य अक्षरांना टोक उचलून मागं वळवावं लागतं आणि मराठीत ट ठ ड ढ ण ळ यांच्याशिवाय दोन वाक्यं होत नाहीत. ही मुलगी जिभेचं टोक उचलूच शकत नाही. खालचा जबडा पुढं-वर करून ती कसंबसं जुळवते. ‘ळ’चा ‘व’ होतो, भरभर बोलली की काहीच कळत नाही. वरचा ओठ चाटता येत नाही. कुल्फीच्या कांडीवर जीभ पोचत नाही म्हणून ती चावून खाते. दाढांत अडकलेला घास जिभेनं काढता येत नाही, बोट घालावं लागतं. मोजपट्टीनं मोजलं : जिभेचा मोकळा भाग सात मिलिमीटर. सोळाच्या वर असला तर आम्ही निर्धास्त असतो. एक वर्ष सराव नेमानं झालाय. वहीत तारखा आहेत.

हिचं करायचं. या वयात मूल शुद्धीत असताना जमत नाही, पूर्ण भूल लागते. नुसतं कापून सोडलं तर व्रण आकसून पुन्हा ओढू शकतो, म्हणून कापून, लांबी वाढवून, विरघळणारे टाके. भुलेच्या तपासण्या, उपाशी ठेवणं, एक दिवसाची भरती. आणि नंतर पुन्हा बाईंकडं, कारण आठ वर्षं जबड्यानं बोलणाऱ्या तोंडाला नवी सवय एका रात्रीत लागत नाही.

आईनं मुलीला विचारलं, “करूया?” मुलगी आधी माझ्याकडं, मग बाईंकडं बघून म्हणाली, “शाळेत वाचायला उभं करतात तेव्हा मी आजारी पडते.” आईला हे माहीत नव्हतं. तारीख दिवाळीच्या सुट्टीतली घेतली.

दुपारी ४.३०

एनआयसीयूतून बोलावणं. बाहेरून आलेलं तीन दिवसांचं बाळ, चिठ्ठीवर ‘दूध ओढत नाही, टंग टाय’. उताणं ठेवलं की घशातून घर्र आवाज येतो, छाती आत ओढली जाते. बाजूनं चेहरा बघितला तर हनुवटी लहान, खूप मागं. बोट टाळूवरून फिरवलं, मागं फट लागली. लहान जबडा, मागं पडणारी जीभ, दुभंगलेला मऊ टाळू : पिएर रॉबिन.

पडदा थोडा आखूड आहे. इथं तो कापायचा नाही. जीभ आधीच श्वासमार्गावर पडतेय. पुढून धरून ठेवणारं जे काही थोडंफार आहे ते सोडवलं, तर ती आणखी मागं जाईल. बाळाला पालथं ठेवलं तसा आवाज कमी झाला, ऑक्सिजनचा आकडा वर आला. नळीनं दूध सुरू. टाळूच्या टीमला फोन. निवासी डॉक्टरला एकच गोष्ट सांगितली : जिभेखाली बघण्याआधी बाळ बाजूनं बघायचं.

संध्याकाळी ५.४५

मोबाइलवर फोटो. पाच दिवसांपूर्वी कापलेल्या बाळाच्या जिभेखाली पांढरा, शंकरपाळीच्या आकाराचा डाग. खाली मजकूर : मॅडम पू झालाय का?? लगेच फोन केला. पू नाही. तोंडातली जखम भरताना अशीच पांढरी दिसते, दहा-बारा दिवसांत जाते. ताप? नाही. पितंय? हो. कुणी पुसायला गेलं नाही ना? आजी हळद-मध लावणार होती. मध वर्षाच्या आत अजिबात द्यायचा नाही, लावायचाही नाही. त्यातल्या जंतूंमुळे बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. हे मी जाताना सांगतेच. आता छापील कागदावर मोठ्या अक्षरांत घालायला हवं.

संध्याकाळी ७.००

लेझर मशीनचा प्रतिनिधी अर्धा तास बाहेर बसलाय. मशीन छोटं आहे, टेबलावर मावतं. तो हप्ता आणि रोजच्या केसेस यांचं गणित मांडतो. गणित चुकीचं नाही. दिवसाला इतकी बाळं केली की अमुक महिन्यांत मशीन फिटतं. अडचण एवढीच, की एकदा हप्ता सुरू झाला की पुढच्या प्रत्येक पडद्याकडं मी त्या हप्त्यातून बघायला लागेन. आज मी एक कापला, एकाची तारीख दिली, बाकी सगळ्यांना नको म्हटलं. कापायला दहा सेकंद गेले आणि त्याची फी मिळाली. ‘नको’ सांगायला, पाजताना बघायला, सासूशी, नणंदेशी, बापाशी बोलायला अख्खा दिवस गेला आणि त्याची वेगळी फी कुठल्याच दरपत्रकात नाही. विमा कंपनीच्या यादीतही शस्त्रक्रियेचा कोड आहे, शस्त्रक्रिया टाळल्याचा नाही. जगभर हे पडदे भराभर कापले जाण्यामागं हे कारण आहे. डॉक्टर वाईट असतात असं नाही. वीस मिनिटं बाळ पिताना बघत बसणं परवडत नाही.

दुसरी बाजूही मी विसरत नाही. कापायचं टाळण्याच्या नादात शिरोळच्या मुलीसारखीला परत पाठवणं हाही अन्यायच. तिला अजून पंधरा दिवस थांब म्हटलं असतं तर घरात बाटली आली असती आणि दोष तिच्या दुधाला लागला असता. त्यामुळे कमी कापणं किंवा जास्त कापणं यांत मोठेपणा नाही. बघून ठरवणं, एवढंच काम आहे. प्रतिनिधीला चहा पाजला आणि माहितीपत्रक ठेवून घेतलं.

निघताना फोन. इचलकरंजीचे एक गृहस्थ, बाळ तीन आठवड्यांचं. एका डॉक्टरांनी कापा सांगितलं, दुसऱ्यांनी हात लावू नका. “मॅडम, तुमचं मत काय?”

“मी अजून बाळ बघितलेलं नाही.”

“जिभेचा फोटो पाठवतो, स्पष्ट आहे.”

“फोटोत पडदा दिसेल, पिणं दिसणार नाही. उद्या साडेनऊला या. जन्मापासूनच्या वजनाचे सगळे कागद आणा. बाळाच्या आईला म्हणावं, घाईत येऊ नका, तासभर लागेल. आणि दवाखान्याच्या दारात पाजून आत आणू नका. शेवटचं पाजणं आठच्या सुमाराला होऊ दे, म्हणजे इथं आल्यावर बाळ स्वतःच मागेल.”